प्रति: फोन हरवला की लगेच पुसावा का?
भाऊ, 'बाजारात फोन पडला की लगेच पुसून टाका', म्हणजे आतला सगळा डेटा दुरूनच उडवा, हे पटलं नाही. पुसला की गूगलवर त्याचा ठावठिकाणा दिसणं बंद. शिवाय नेट नसेल तर पुसायचा हुकूम फोन ऑनलाइन येईपर्यंत तसाच अडून राहतो, अन् मेळघाटात रेंज कुठं मिळते बाप्पा! आधी दुरून लॉक करा, पोलिसांत तक्रार द्या, मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

खाजगीपणाचं म्हणाल, तर गूगलपेक्षा मला मोबाईल दुकानदाराची भीती जास्त. खेड्यात कितीकांचं जीमेल त्यानंच उघडलेलं, पासवर्ड त्याच्याच वहीत. त्याच जीमेलवरून फोनचा ठावठिकाणा दिसतो, म्हणजे पोरगी कुठं आहे हे बापाआधी त्याला दिसू शकतं! पासवर्ड बदला, अन् रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा) त्याचाच तर नाही ना, तेही बघा.