मदत हवी आहे: भावाने आता नोकरी धरावी की आधी डिप्लोमा करावा?

माझ्या धाकट्या भावाचा टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर धातू फिरवून कापायच्या कामाचा, दोन वर्षांचा कोर्स नुकताच संपला. हात फार चांगला आहे त्याचा. परवा लेथवर काढलेला शाफ्ट (गोल दांडा) घरी आणला आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावून दाखवत बसला, "ताई, बघ, फरक पाच शतांश मिलिमीटरच्या आत आहे." नोकरीही लगेच मिळतेय.

माझ्या जिवाला घोर आहे तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा ११ देशांवरचा अभ्यास वाचनात आला. त्यात म्हटलंय की हाताचं कौशल्य शिकलेल्यांना सर्वसाधारण शिक्षण घेतलेल्यांपेक्षा सुरुवातीला नोकरी लवकर लागते, पण वय वाढतं तशी ही आघाडी कमी होत जाते, कारण तंत्र बदलतं आणि एकाच कामाचं शिक्षण मागे पडतं. पटलं मला ते. साध्या लेथची कामं सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रांवर, गेलेली आपण बघतोच.

पण म्हणून हातातली नोकरी सोडून तीन वर्षं वर्गात बसायचं? तेवढ्यात हाताची सवय मोडेल, अशी त्याला धास्ती आहे. जर्मनीत शिकाऊ मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतात, तसं काही जमवता येईल का, असा विचार चाललाय.

नोकरी करता करता डिप्लोमा कुणी पूर्ण केलाय का? पाळ्या सांभाळून अभ्यास होतो का? आणि कामावर माणसं घेणाऱ्यांनो, डिप्लोमा आणि सीएनसी प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स, यांत तुम्ही आधी काय बघता? त्याला पंधरा दिवसांत कळवायचंय.