लिफ्ट तीन दिवस बंद, सूनबाईंना २६वा आठवडा

बी विंग सेक्रेटरी: शनिवारी सकाळी ९ ते सोमवारी संध्याकाळी ६ बी विंगची लिफ्ट बंद राहील. रोप बदलायचे आहेत.

७०३: भाऊ, आमच्या सूनबाईंना २६वा आठवडा चालू आहे. सात मजले कसे चढायचे तिने? खरं तर पोडियमवरचं संध्याकाळचं चालणंही बंद कर म्हणतेय मी. सगळी ताकद चालण्यात गेली तर बाळ वाढणार कसं?

१००२ (गायनॅक डॉक्टर): काकू, आधी एवढं सांगा. रक्तस्राव झालाय? वार (प्लासेंटा) खाली आहे? गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय? बीपी किती? हिमोग्लोबिन?

७०३: वार वर आहे, टाका नाही, रक्त कधी गेलं नाही. बीपी नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.८.

१००२: मग चालणं चालू ठेवा. गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे सौम्य अ‍ॅनिमिया, तो चालण्याच्या आड येत नाही. ७च्या खाली असतं तर मीच थांबवलं असतं. लोहाची गोळी मात्र चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

बाळाला अन्न आणि ऑक्सिजन वारेतून मिळतो. आई अर्धा तास चालली म्हणून तो घास तुटत नाही. वाढ खुंटते ती बहुतेकदा वारेचा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे, वाढलेल्या बीपीमुळे, कुपोषणामुळे किंवा तंबाखूमुळे. मशेरीसुद्धा तंबाखूच, बरं का. मुंबईतल्याच १२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

७०३: घरात मशेरी कोणी लावत नाही. पण आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, फार कष्ट केले की मूल बारीक होतं.

१००२: ते खोटं नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात शेतातलं काम आणि पाणी भरणं जास्त असलेल्या बायकांची बाळं लहान दिसली. त्या मुळात अंगाने बारीक, खाणं तुटपुंजं, वर दिवसभराचे कष्ट. तुमची सून आठ तास खुर्चीवर बसून काम करते. तिला तो नियम लावला तर उलटंच होईल, वजन आणि साखर वाढेल. आईची साखर वाढली की बाळ नको तेवढं मोठं होतं आणि प्रसूती अवघड जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट झाली का? दोन तासांनी १४० किंवा वर आली तर सांगा. जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाललं तरी साखर आटोक्यात राहायला मदत होते.

३०४ (फिजिओ): माप आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे ३० मिनिटं पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. सवय नसेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करायची. वेग असा की बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी. सध्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंगही गार होत नाही. म्हणून सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच, आणि पाण्याची बाटली जवळ हवी. पोडियमची लादी ओली असेल त्या दिवशी घरातच फेऱ्या मारा. पोट पुढे आल्यावर तोल बदलतो आणि पाय घसरायला वेळ लागत नाही.

४०५: उकिडवं बसून लादी पुसली की नॉर्मल होते म्हणतात, खरं का ताई?

३०४: तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. खुर्चीचा किंवा खिडकीच्या ग्रीलचा आधार घेऊन हळू बसणं-उठणं, १० वेळा, चांगलं. पण ओल्या फरशीवर उकिडवं सरकत पुसू नका. जांघेत किंवा ओटीपोटाच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर बैठका बंद. पाठीवर सपाट पडून करायचे व्यायामही आता नकोत. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि घेरी येते. कुशीवर झोपून केलेले चालतात.

७०३: आणि जिना?

३०४: वीसेक पायऱ्यांचा मजला धरला तर १४० पायऱ्या. दिवसातून एकदाच उतरायचं आणि एकदाच चढायचं, तेही जेवून लगेच नाही. एक हात कठड्यावर, पूर्ण पाऊल पायरीवर, प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास. हातात पिशवी नको. उतरताना जास्त जपायचं, पोटामुळे पायरी दिसत नाही.

१००२: चढताना किंवा नंतर रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, नियमित कळा आल्या, छातीत दुखलं, डोकं फार दुखू लागलं, एकाच पोटरीला सूज आली किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर व्यायाम सोडा आणि तडक हॉस्पिटल गाठा. ग्रुपवर विचारत बसू नका.

७०३: डॉक्टर, आता फंडाचं माप (पोटावरून मोजलेली गर्भाशयाची उंची) २५ सेंमी आलंय, ते कमी नाही ना?

१००२: २६व्या आठवड्यात २४ ते २८ चालतं. सलग दोन तपासण्यांत माप मागे पडलं तर सोनोग्राफीने वाढ बघतात.

बी विंग सेक्रेटरी: दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर क्लब हाऊसच्या खुर्च्या ठेवतो. सामान वॉचमन वर आणून देईल. जिन्यातले चपलांचे स्टँड मात्र शुक्रवारी रात्रीच आत घ्या. ६०१, तुमची सायकलसुद्धा.