बुरशी आणि रसायनं: ‘संवाद’, ‘संदेश’ की ‘चाहूल’?

परभणी: बुरशी रसायनं सोडून मुळांना, इतर बुरशींना काही कळवते. त्याला पुस्तकात ‘रासायनिक संप्रेषण’ म्हणतात. शेतकऱ्यासाठी लिहिताना ‘संवाद’ चालेल का? आणि फेरोमोनला (एकाच जातीच्या जिवांमधल्या रासायनिक इशाऱ्याला) ‘कामगंध’ म्हणावं का?

लातूर: मुळात राहून पिकाला स्फुरद पुरवणाऱ्या व्हॅम बुरशीपुरता ‘संवाद’ चपखल आहे, कारण तिथं दोन्ही बाजू बोलतात. स्फुरद कमी पडला की ज्वारीचं मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन जास्त सोडतं. त्यानं बुरशीच्या तंतूला फांद्या फुटतात, हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. बुरशीही आपली रसायनं सोडते आणि मुळाच्या पेशीत कॅल्शियम कमीजास्त होऊ लागतं. मगच तंतू आत घेतला जातो. डीएपी (स्फुरदाचं खत) भरमसाट पडलेल्या रानात व्हॅम टाकूनही लागत नाही ते यामुळंच: मुळाकडून हाकच जात नाही.

अंबाजोगाई: पण भाऊ, तीच हाक टारफुल्यालाही, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या परजीवी तणालाही, लागते. त्याचं बी दहा वर्षांहून जास्त जमिनीत पडून राहतं. नुसत्या ओलीनं ते उगवत नाही, मुळाचं रसायन पोचावं लागतं. ज्वारी काही टारफुल्याला बोलवत नाही, म्हणून तिथं ‘संदेश’ चुकीचा. ‘चाहूल’ लिहा. याच गटातलं स्ट्रायगॉल 1966 मध्ये पहिल्यांदा सापडलं तेही कपाशीच्या मुळांतून, आणि कपाशीवर टारफुला जगत नाही. चाहुलीनं बी उगवतं, धरायला ज्वारीचं मूळ नसतं, कोंब मरतो. टारफुल्याच्या रानात कपाशीचा फेर घेतात तो याचसाठी. एका हंगामात मात्र बी संपत नाही, हेही लेखात सांगाच.

लातूर: ‘चाहूल’ एकदम मान्य. ‘कामगंध’ टाळा. बोंडअळीच्या सापळ्याला तो शब्द शोभतो, कारण पतंग वासावर येतो. यीस्टचा अल्फा फॅक्टर, म्हणजे मीलनासाठी सोडलेलं फेरोमोन, ही 13 अमिनो आम्लांची साखळी, शेजारच्या पेशीपर्यंत ओलीतून जाणारी. तिथं गंध कुठला? ‘मीलन-संकेत’ बरा.

नांदेड: क्वोरम सेन्सिंगला, म्हणजे पेशींची दाटी रसायनावरून ओळखून सगळ्यांनी एकदम वागणं बदलण्याला?

परभणी: ‘गणपूर्ती’ सुचतो, ग्रामसभेमुळं सगळ्यांना माहीत आहे.

अंबाजोगाई: नुसता ‘गणपूर्ती’ नको. सभेत गणपूर्ती झाली की काम सुरू होतं. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीत उलटं, ती फार्नेसॉल नावाचं रसायन सोडते. 2001 मध्ये ते ओळखलं गेलं. प्रयोगशाळेत दर मिलिलिटरला साधारण 10 लाख पेशींच्या वर दाटी झाली, की साचलेल्या फार्नेसॉलमुळं तिच्या गोल पेशी तंतू काढायच्या थांबतात. ‘दाटीची जाणीव’ लिहा, काम सुरू होणं आणि थांबणं, दोन्हींना लागू पडतं.