पुडी टाकली म्हणून स्लॅबचं पाणी बंद करायचं?

मांजराकाठ
काल इथं एक पोस्ट आली होती. ‘ग्राफीनची पुडी सिमेंटात टाका, तिसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढा, पाणी मारायची गरजच नाही, दुष्काळी भागाला वरदान.’ खाली सगळी वाहवा. उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा अतिपातळ पापुद्रा. असल्या कार्बननं सिमेंट लवकर धरतं, हे खरं आहे. सिमेंट पाण्यात विरघळू लागलं की जे जेल तयार होतं, त्याला धरायला जागा लागते. ग्राफीन ऑक्साइडचे (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचे) पापुद्रे किंवा नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ती जागा देतात, म्हणून जेल नुसत्या दाण्याच्या अंगावर न साचता मधल्या पाण्यातही वाढतं. सुरुवातीची उष्णता लवकर चढते, तीन-सात दिवसांचा क्यूब (दाबून ताकद बघायचा काँक्रीटचा ठोकळा) चांगला येतो. पण जेल बनतं सिमेंट आणि पाण्याचंच. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलं जातं, शिवाय जेलच्या छिद्रांत आणखी अडकतं. मे महिन्यात वरचा थर दुपारपर्यंत वाळला तर तिथलं काम तिथंच थांबतं, मग पुडी कितीही भारी असो. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल ठेवायला सांगतं, उष्ण-कोरड्या हवेत १०, आणि फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्राची राख घातलेल्या) सिमेंटला १४ पर्यंत न्यायची शिफारस करतं. आपल्याकडं घराला बहुतेक पीपीसीच, म्हणजे हेच राखेचं सिमेंट येतं. त्याला पाणी मारू नका म्हणणं हा गुन्हा आहे.

नवं_काँक्रीट
तुम्ही एका विक्रेत्याचा राग सगळ्या संशोधनावर काढताय. इंग्लंडमध्ये एम्सबरीला २०२१ मध्ये व्यायामशाळेची फरशी ग्राफीनच्या काँक्रीटनं ओतली, मँचेस्टर विद्यापीठ त्यात होतं. ताकद वाढून सिमेंट कमी लागलं तर सिमेंटच्या भट्टीचा धूरही कमी. दरवेळी नवीन काही आलं की आपल्याकडचे साइटवाले आधी नाही म्हणतात.

मांजराकाठ
नाही कुठं म्हटलं? मात्रा बघा. ०.०३ टक्के म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १५ ग्रॅम. ते फावड्यानं मिक्सरमध्ये सारखं पसरणार कसं? चुन्याच्या निवळीत ग्राफीन ऑक्साइडचं तपकिरी पाणी ओतून बघा. डोळ्यांदेखत शेवाळासारखे गोळे होतात आणि तळाला बसतात. सिमेंटमधलं पाणीही तसंच, कॅल्शियमनं भरलेलं. गोळा झाला की तिथं ताकद वाढत नाही, उलट कच्ची जागा तयार होते.

नवं_काँक्रीट
त्यासाठीच पॉलिकार्बोक्सिलेट, म्हणजे माल पातळ ठेवणारं रसायन, आधी मिसळतात. ते पापुद्र्यांना वेगळं ठेवतं. हे प्रयोगशाळेत रोज होतं.

ओळंबा
प्रयोगशाळेत गवंडी नसतो साहेब. असली बारीक पावडर पडली की माल घट्ट होतो, आणि घट्ट झाला की गवंडी बादलीभर पाणी ओततो. गेली सगळी ताकद. मी ठेकेदारी करतो, रोज हेच बघतो.

आणि कार्बन कार्बन काय लावलंय? राखेतला न जळालेला कोळसाही कार्बनच आहे. तो ॲडमिक्श्चर, म्हणजे मालात घातलेलं रसायन, पिऊन टाकतो, स्लॅब घासताना काळी साय वर येते. म्हणून तर आयएस ३८१२ या राखेच्या मानकात फ्लाय ॲशला जळून होणारी घट, म्हणजे उरलेल्या कोळशाचं माप, ५ टक्क्यांच्या आत लागते. परळीची राख असो नाहीतर साखर कारखान्याच्या बॉयलरची, आधी तपासा. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत तर हा कोळसा डोळ्यांना दिसतो, तरी लोक ती फुकट मिळते म्हणून भरायलेत.

जालना_घरबांधणी
ती पोस्ट वाचून मी पुडी घेऊन बसलोय. तुम्ही पाणी मारा म्हणता, ते आणायचं कुठून? आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं, बोअर आटला. टँकर मागवला तर शेजारी म्हणतात, प्यायला नाही अन् हा स्लॅबवर ओतायलाय.

ओळंबा
टँकरचं नाव काढलं म्हणून सांगतो. बीडकडं एका कामावर टँकरचं पाणी घेऊन माल कालवला. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर अंगठा दाबला तर ठसा उमटायचा. मालक रडायला आला. नंतर कळलं, टँकरनं आधी मळी वाहिली होती, नीट धुतला नव्हता. साखरेचा अंश मालात गेला की सिमेंट वेळेत धरतच नाही. आम्ही ओलं बारदान टाकून वाट बघितली, उशिरा का होईना धरलं. तेव्हापासून पाणी आधी हातावर घेऊन बघतो, चिकट लागतं का.

नवं_काँक्रीट
याचा ग्राफीनशी काय संबंध?

ओळंबा
कामून नाही? पोतंभर सिमेंटला चिमूटभर वस्तू काय करते, त्याचाच दाखला आहे. एक धरायची घाई करतं, एक धरू देत नाही. मात्रा आणि पाणी माहीत नसताना काही टाकू नये.

मांजराकाठ
२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यातली घरं बघा, प्लास्टर नखानं खरवडतं. पुडीवाले नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवतात, म्हणून संताप येतो. आणि किल्लारी ज्यांनी १९९३ ला बघितली, त्यांना कच्चं बांधकाम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

नवं_काँक्रीट
भूकंप मध्ये आणून भीती घालू नका. किल्लारीला दगड-मातीच्या भिंती पडल्या, पाणी कमी मारलेलं काँक्रीट नाही.

तुमच्या पाण्याच्या प्रश्नाला कार्बनचंच उत्तर आहे, ते ऐका. पऱ्हाट्या आपण बांधावर जाळतो. त्याच कमी हवेत भाजून बायोचार केला, बारीक दळला आणि सिमेंटच्या १-२ टक्के घातला, तर त्याची छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि आतून हळूहळू सोडतात. यालाच अंतर्गत क्युरिंग म्हणतात. फक्त तो आधी भिजवून घालायचा, कोरडा घातला तर मालातलंच पाणी ओढतो.

मांजराकाठ
हे पटतं. पण वरचा उघडा थर त्यानंही वाचत नाही. शिवाय मालात पाणी पुरेसं असतंच, प्रश्न ते उडण्याचा आहे. @जालना, आळी करून तळं साठवायलाच हवं असं नाही. स्लॅब घासून झाला की प्लास्टिक अंथरा, दुसऱ्या दिवशी ओलं बारदान, त्यावर परत प्लास्टिक. कडा विटांनी दाबा, वाऱ्यानं उघडी पडतात. पाणी निम्म्याहून कमी लागतं. सेंट्रिंग मात्र घाईनं काढू नका.

ओळंबा
बोअरचं पाणी खारट असेल तर सळईच्या मालाला नको. क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे.

जालना_घरबांधणी
मग पुडीचं काय करू? पैसे गेले.

नवं_काँक्रीट
क्यूब भरा. एकाच मालाचे दोन भाग, एकात पुडी, दुसऱ्यात नाही, पाणी मोजून तेवढंच. ३, ७ आणि २८ दिवसांना तंत्रनिकेतनात दाबून बघा. निम्मे क्यूब पाण्यात आणि निम्मे उन्हात ठेवा, म्हणजे ‘पाणी नको’ हा दावाही कळेल. खर्चाला मी वर्गणी देतो.

ओळंबा
वर्गणी कामून? विकणाऱ्यानं भरावी. त्याला इथंच टॅग करा, आणि तो तयार होईस्तोवर ती पुडी स्लॅबात टाकू नका.