शिक्षण वाढलं की श्रद्धा कमी होते? (उद्यमबागेतल्या लिंबावरून)

टिळकवाडीकर
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नवं सीएनसी मशीन (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं) आलं. मालक इंजिनिअर, बसवायला आलेला इंजिनिअर, मालकाचा पोरगा परदेशात एमएस करून आलेला. तरी मशीन चार दिवस ताडपत्रीखाली पडून, कारण अमावस्या जायची होती. शेवटी चालू झालं, तेही आधी लिंबू कापून. मग शिकून झालं काय? २०१३ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मिरॉन झुकरमन यांच्या गटानं ६३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ५३ मध्ये बुद्धिमापन चाचणीत वरचढ ठरलेले लोक कमी धार्मिक निघाले. माझ्या मते तल्लख डोकं आणि भाबडेपणा एकत्र नांदत नाहीत. आपल्याकडं नांदतात, कारण आपलं शिक्षण म्हणजे पाठांतर.

उचगावचा पाटील
काका, लिंबू कापणं आणि देव मानणं एकाच पोत्यात भरलात की! इस्रोचे प्रमुख यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, म्हणून यान काय वाट चुकतं? रामानुजन म्हणायचे, गणितं नामगिरी देवी सुचवते. त्यांना कुठली चाचणी लावणार?

टिळकवाडीकर
तिरुपतीला जाणाऱ्याचा फोटो छापून येतो, न जाणाऱ्याचा कोण छापणार? आणि भौतिकशास्त्राचे एच. नरसिंहय्या आपल्याच कर्नाटकातले. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये त्यांनी चमत्कार तपासायला समिती नेमली. तेही धरा हिशोबात.

निपाणीचा गणितमास्तर
दोघंही एकेक नाव फेकताय, त्यानं काही ठरत नाही. टिळकवाडीकर, तुम्ही आकडा अर्धाच सांगितलात. त्या अभ्यासातला सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जुळून बदलतात त्याचं माप, उणे ०.२४ आहे. वर्ग करा, ०.०६ च्या आत येतो. म्हणजे माणसामाणसांच्या धार्मिकतेत जो फरक असतो, त्यातला जेमतेम सहा टक्के बुद्धिमापनाशी जुळतो. बाकीचा ९४ टक्के कुठून येतो ते बघा.

शिवाय बहुतेक अभ्यास अमेरिकेतले. त्या गटानं सुचवलेलं एक कारण असं की हुशार माणूस चारचौघांच्या मागे जायला कमी तयार असतो. आता प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. उरलेल्या तिघांत बसायला नुसतं डोकं पुरत नाही, घरच्यांशी रोज वाद घालायची तयारी लागते. तिकडचा आकडा उचलून उद्यमबागेला डकवू नका. (विश्लेषण करायची सवय लागली की श्रद्धा सैल होते, हे त्यांचं दुसरं कारण मला बरंचसं पटतं. पण ती सवय आपण वर्गात लावतो का, हे मला विचारू नका.)

बैलहोंगलची नर्स
माझ्या मोठ्या बहिणीच्या केसांत सातवीत असताना जट आली. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एकच, यल्लम्मानं बोलावलंय, पोरगी देवीला सोडा. १९८२ चा देवदासीबंदीचा कायदा होता, पण कायदा काय आमच्या गल्लीत राहायला येतो? 'देवीचं आहे, हात लावू नका' म्हणणाऱ्यांत शाळेचा मास्तरही होता. आजीला सही येत नव्हती. पुनवेला बैलगाडीनं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायची. तिनं आठ दिवस खोबरेल चोळून बघितलं. सुटेना, तेव्हा कात्री घेतली. म्हणाली, आईला केसच पाहिजे असतील तर माझे घेईल. आणि पुढच्या पुनवेला 'उदं गं आई उदं' करत परत डोंगरावर गेली. नीट न विंचरलेले, तेलामळानं गुंतलेले केस म्हणजे जट, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं.

टिळकवाडीकर
ताई, आजींना नमस्कार. पण मग त्या माझ्या बाजूच्या झाल्या. कात्री बुद्धीनंच चालवली.

बैलहोंगलची नर्स
होय की, बुद्धीच ती. पण शाळेचं तोंड न बघितलेली, देव मानणाऱ्या बाईची. तुमच्या ६३ अभ्यासांत तिला कुठं बसवणार?

उचगावचा पाटील
बघा! शेवटी श्रद्धाच जिंकली.

बैलहोंगलची नर्स
कसली जिंकली? पोरगी सोडा म्हणणारेही श्रद्धाळूच होते, पाटील. आजी गप्प बसली असती तर बहीण आज अंगणवाडीत नसती, जोगवा मागत फिरली असती.

निपाणीचा गणितमास्तर
एका आजीवरून नियम निघत नाही, हे सांगायलाच हवं. पण लिंबू आणि जट एका मापानं मोजू नये, एवढं मात्र पटलं. लिंबाचा खर्च पाच रुपये.

टिळकवाडीकर
आणि चार दिवस बंद पडलेलं मशीन? त्याचं व्याज कोण भरणार? असो. ताई, तो मास्तर तरी शिकलेला होता ना? त्याला काहीच कसं वाटलं नाही?

बैलहोंगलची नर्स
काय वाटलं माहीत नाही. दोन वर्षांनी त्याच्याच पोरीच्या केसांत गुंता झाला, तेव्हा आजीला बोलावणं आलं. रात्री, मागच्या दारानं. कात्री घरातनंच घेऊन या, म्हणाला.