महानोरांची गाणी तोंडपाठ आहेत, पण त्यात आपला अर्थ कसा शोधायचा? सल्ला हवा

मांजराकाठ:
ना. धों. महानोरांची सिनेमातली बहुतेक गाणी पाठ आहेत. पण त्यातून तुला काय मिळतं, असं कुणी विचारलं की 'लई भारी'च्या पुढं गाडी सरकत नाही. चाल डोक्यात इतकी बसलीय की शब्द वेगळे ऐकूच येत नाहीत. सुरुवात कुठून करावी? समीक्षेची जाडजूड पुस्तकं नका सांगू.

हुरडा_पार्टी:
आधी चाल मोडा. चालीनं भाव तुमच्या आधीच ठरवून टाकलेला असतो. एकच गाणं वहीत हातानं उतरवा, मधे एकेक ओळ रिकामी सोडून. मग बातम्या वाचल्यासारखं सपाट, मोठ्यानं वाचा. तरी चाल घुसतेच. तेव्हा शेवटच्या कडव्यापासून उलटं वर वाचत या. रिकाम्या ओळींत तीनच गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, महिना कोणता. क्रियापदांखाली रेघ मारा.

पहिल्यांदा सिनेमाचं गाणं नको, 'ह्या नभाने ह्या भुईला दान द्यावे' घ्या. पहिला पाऊस पडला की लोक ही ओळ स्टेटसला टाकतात. पण क्रियापदं बघा: द्यावे, गावे. पाऊस पडलाय असं कवी म्हणतच नाही, तो मागतोय. म्हणजे जुलै कोरडा चाललाय आणि दुबार पेरणीची धास्ती आहे, तेव्हा ती जास्त खरी लागते. पुढं जोंधळ्याला चांदणं लगडायची कल्पना येते. आपल्याकडं रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, हुरडा पौषाच्या आसपास. तोवर आभाळ निवळलेलं, कणसावर चांदणं पडलेलं दिसतं. मागणं नभापाशी सुरू होतं आणि भरल्या कणसापाशी येतं, मधे सगळा हंगाम. आता तुमचं मागणं कोणतं? नोकरी, बदली, पोरीचं शिक्षण, काही असो. ते फळाला आलं तर डोळ्याला नेमकं काय दिसेल, ते एका ओळीत लिहा. 'समाधान' लिहिलं तर खोडा, ते दिसत नाही.

गालगागा:
नेटवरून उतरवू नका. तिथं बरंच कानानं ऐकून लिहिलेलं असतं. छापील पुस्तक मिळेपर्यंत वृत्तावर तपासा. 'ह्या नभाने'ची ओळ म्हणजे गालगागा तीन वेळा (गा म्हणजे गुरू, दोन मात्रा; ल म्हणजे लघू, एक मात्रा), एकूण मात्रा २१. अक्षरं मोजून चालणार नाही, कारण काही ठिकाणी एका गुरूच्या जागी दोन लघू येतात. मात्रा अडल्या तर शब्द चुकलाय असं समजा. चुकीच्या शब्दातून काढलेला खोल अर्थ अगदीच वाया जातो.

तेरणा:
सिनेमाच्या गाण्याला वेगळा नियम. ते पात्राच्या तोंडचं असतं, कवीचं आत्मचरित्र नव्हे. 'जैत रे जैत' (१९७७) ठाकर आदिवासींचं आहे, कर्नाळ्याकडचं. तिथला पाऊस लातूर-बीडच्या पावसासारखा नसतो. त्यातलं 'मी रात टाकली' गॅदरिंगला नाचून नाचून गुळगुळीत झालंय. पण सुरुवातीलाच मोडक्या संसाराची लाज टाकल्याचं आहे! सिनेमाची नायिका चिंधी नवऱ्याला सोडून आलेली बाई आहे, हे धरून एकदा वाचा.

मांजराकाठ:
पण मला त्यात नवऱ्याबिवऱ्याचं काही दिसत नाही. शहरातली नोकरी सोडून गावाकडं यायचं चाललंय, ते दिसतं. मग हे चूक का?

तेरणा:
चूक काहून? फक्त एक कसोटी लावा. तुमचा अर्थ प्रत्येक ओळीवर ठेवून बघा. एखादी ओळ जड गेली तर चालतं. तीन-चार ओळींकडं डोळेझाक करावी लागली, तर तो तुमचा मूड आहे, गाण्यानं दिलेला अर्थ नाही. मूडही ठेवा, फक्त 'कवीला हेच म्हणायचंय' असं कुणाला सांगू नका. ध्रुवपदाकडं खास लक्ष द्या: दर अंतऱ्यानंतर ते परत येतं तेव्हा काय बदललं, ते समासात लिहा. काहीच बदललं नसेल तर बहुतेक वेळा अंतरा नीट वाचलेला नसतो.

हुरडा_पार्टी:
पुस्तकांचं राहिलं. आधी 'रानातल्या कविता' (१९६७), मग 'पळसखेडची गाणी', म्हणजे त्यांनी जमवलेली लोकगीतं. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला त्यांची लय कुठून आली ते लगेच कळतं. त्यांचं गाव पळसखेडं सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या बाजूला. तिकडची बोली आणि धाराशिव-लातूरची बोली एक नाही. शब्द अडला तर अंदाज न करता तिकडच्या माणसाला विचारा. 'एक होता विदूषक' सिनेमातल्या लावण्या मात्र सगळ्यात शेवटी.