चीनचं राज्य चाललं कशावर? कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर की शांग यांगच्या कायद्यावर?

रानवाट

चीनचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा कन्फ्यूशियसपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. वडीलधाऱ्यांचा मान, विद्येची कदर, शिस्तीची प्रजा, सगळं त्याच्याच खात्यावर जमा होतं. मला हे पटत नाही. चिनी राज्ययंत्रणा उभी केली ती कायदेवाद्यांनी, म्हणजे राज्य कडक कायदा, बक्षीस आणि शिक्षा यांवर चालवावं म्हणणाऱ्यांनी, आणि पुढची दोन हजार वर्षं ती त्यांच्याच पायावर उभी राहिली. कन्फ्यूशियसचं नाव तिला नंतर चिकटवलं गेलं.

त्यांच्यातल्या शांग यांग या मंत्र्याचंच घ्या. इ.स.पू. ३५६ च्या सुमारास त्याला पश्चिमेकडच्या छिन राज्यात नवे कायदे आणायचे होते, पण सरकारच्या शब्दावर लोकांचा विश्वास नव्हता. त्याने राजधानीतल्या बाजाराच्या दक्षिण वेशीपाशी एक लाकडी खांब उभा केला आणि जाहीर केलं की जो हा खांब उत्तर वेशीपाशी नेऊन ठेवेल त्याला दहा मापं सोनं मिळेल. कुणी जागचं हललं नाही. बक्षीस पन्नासवर गेलं. एकाने खांब उचलून नेला आणि त्याला तिथल्या तिथे पन्नास मापं सोनं मिळालं. त्यानंतर कायदे जाहीर झाले. जन्मावर मिळणारे हुद्दे आता रणांगणातल्या कामगिरीवर मिळू लागले. राजपुत्राने कायदा मोडला तेव्हा गादीच्या वारसाला हात लावता येत नव्हता, तर त्याच्या गुरूंना शिक्षा झाली. एकाच्या तर चेहऱ्यावर गोंदलं गेलं.

इ.स.पू. २२१ मध्ये छिनने बाकीची सगळी राज्यं गिळली. एक लिपी, एक वजनमाप, गाड्यांच्या आसाची एकच लांबी आली. वंशपरंपरागत सरदारांच्या जागी नेमलेले आणि गरज पडली तर काढून टाकता येणारे अधिकारी आले. हा सांगाडा पुढच्या कुठल्याही घराण्याने मोडला नाही. यात कन्फ्यूशियसचं काय आहे ते कुणीतरी दाखवा.

शेवंती

पूर्ण असहमत. ज्या राज्याचं तुम्ही कौतुक करताय ते एकत्रीकरणानंतर पंधरा वर्षांत कोसळलं, ही गोष्ट तुम्ही गाळलीत. शांग यांगचा शेवटही गाळलात. इ.स.पू. ३३८ मध्ये तोच राजपुत्र गादीवर आला आणि शांग यांगला पळ काढावा लागला. वाटेत एका सराईत आसरा मागितला, तर मालक म्हणाला, ओळखपत्र नसलेल्याला ठेवून घेतलं तर शांग यांगच्या कायद्याने मलाच शिक्षा होईल. पुढे त्याचा देह रथांना बांधून फाडला गेला.

या विचाराचा सगळ्यात हुशार माणूस हान फेई. त्याने सांगितलेली एक गोष्ट बघा. एक राजा दारू पिऊन झोपी गेला. त्याला थंडी वाजेल म्हणून त्याचा मुकुट सांभाळणाऱ्या नोकराने अंगावर वस्त्र घातलं. राजाने जागं झाल्यावर वस्त्र सांभाळणाऱ्याला काम चुकवलं म्हणून शिक्षा दिली, आणि मुकुटवाल्याला दुसऱ्याच्या कामात हात घातला म्हणून ठार केलं. हान फेई हे आदर्श म्हणून सांगतो! अशा राज्यात दुसऱ्याची काळजी करायलाच माणूस घाबरेल.

कन्फ्यूशियसने याचा धोका आधीच ओळखला होता. नुसत्या दंडाने हाकलंत तर लोक शिक्षा चुकवायला शिकतात आणि त्यांची लाज मरते, असं तो म्हणाला. त्याच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्सियस त्याच्याही पुढे गेला: आधी प्रजा, मग राज्याची दैवतं, सगळ्यात शेवटी राजा. जुलमी राजाला मारणं ही राजहत्या नव्हे, असं तो राजाच्या तोंडावर बोलला. मिंग घराण्याच्या संस्थापकाला हे इतकं झोंबलं की १३९४ मध्ये त्याने मेन्सियसच्या ग्रंथातले ८५ उतारे काढून टाकलेली आवृत्ती काढायला लावली. शांग यांगच्या विचारातलं एखादं वाक्य कुठल्या सम्राटाला असं झोंबलं होतं का?

तिऱ्हाईत

छिनच्या क्रौर्याच्या बऱ्याच कथा त्याच्यानंतर आलेल्या हान घराण्याच्या काळात लिहिल्या गेल्या, आणि छिन दुष्ट ठरण्यात त्या घराण्याचा फायदा होता. छिनविरुद्धच्या इ.स.पू. २०९ च्या बंडाची कथा प्रसिद्ध आहे. चेन शंग आणि वू ग्वांग सीमेवरच्या चाकरीसाठी माणसं घेऊन निघाले होते. पावसाने वाट अडवली. उशीर झाला की मरण ठरलेलं, तेव्हा बंड करून मेलेलं काय वाईट, म्हणून ते उठले.

पण १९७५ मध्ये हुबेई प्रांतात श्वेईहुदी इथे छिनच्या एका छोट्या अधिकाऱ्याची कबर सापडली. तो इ.स.पू. २१७ मध्ये वारला. त्याच्याबरोबर बांबूच्या अकराशेहून जास्त पट्ट्या पुरलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर कायद्याची कलमं लिहिलेली होती. त्यात वेठीला उशिरा पोचणाऱ्यांसाठी कलम आहे: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर कानउघाडणी, सहा ते दहा दिवसांना एका ढालीइतका दंड, त्याहून जास्त असेल तर एका चिलखताइतका. आणि पावसापाण्याने अडलं तर काम रद्द. हा काही आंधळा जुलूम दिसत नाही.

शेवंती

@तिऱ्हाईत, हे कलम वेठीचं आहे, सीमेवरच्या चाकरीचं नाही. आणि पट्ट्या पहिल्या सम्राटाच्या काळातल्या आहेत, बंड दुसऱ्याच्या राजवटीत झालं. त्याच पट्ट्यांमध्ये हेही आहे: कुणी दुसऱ्याच्या झाडाची तुतीची पानं चोरली आणि त्यांची किंमत एक नाणंसुद्धा भरत नसेल, तर तीस दिवस वेठ. मूठभर पानांसाठी महिनाभर! ऐन कामाच्या दिवसांत हे घडलं तर त्या घराने शेत कधी करायचं?

काळी_माती

तुम्हा दोघांच्या भांडणात ताओवाद्यांना कुणी विचारतच नाही. छिन पडल्यावर देश सावरला तो लाओत्सेच्या विचाराने. राज्याने कमीत कमी हात घालावा, लोकांना श्वास घेऊ द्यावा. हान घराण्यातल्या सम्राट वनच्या काळात शेतसारा अर्ध्यावर आला, म्हणजे पिकाचा तिसावा हिस्सा.

इ.स.पू. १६७ मध्ये छुनयू यी नावाच्या वैद्याला अवयव कापण्याची शिक्षा होणार होती. त्याला पाच मुली, मुलगा नाही. धाकटी थियिंग बापामागून राजधानीला गेली आणि तिने सम्राटाला अर्ज लिहिला: मेलेला परत येत नाही, तोडलेला अवयव परत जुळत नाही, मग सुधारायचं ठरवलं तरी माणसाला वाट कुठे उरते? बापाच्या बदल्यात मला सरकारी दासी करा. सम्राटाने चेहऱ्यावर गोंदण्याची, नाक आणि पाय कापण्याची शिक्षा रद्द केली. हे वाचताना माझा तर गळा दाटून येतो.

रानवाट

@काळी_माती, थियिंगबद्दल आदर आहेच. पण पुढचं वाचा. नाक कापण्याच्या जागी तीनशे फटके आले, डाव्या पायाच्या जागी पाचशे, आणि माणसं फटक्यांखाली मरू लागली. हान घराण्याचा इतिहासच म्हणतो की शिक्षा नावाला हलकी झाली, प्रत्यक्षात जीव घेऊ लागली. पुढच्या सम्राटाला फटके कमी करावे लागले. म्हणून म्हणतो, नुसती दया पुरत नाही, कलम नीट लिहावं लागतं.

हान सम्राटांना हे कळत होतं. इ.स.पू. ८१ मध्ये दरबारात मीठ आणि लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीवर वाद झाला. कन्फ्यूशियसचे पंडित म्हणाले, सरकारने प्रजेशी नफ्यासाठी स्पर्धा करू नये, आणि सरकारी लोखंडी अवजारं शेतकऱ्याच्या कामाची नाहीत. मक्तेदारीची बाजू मांडणाऱ्या सांग होंगयांग या मंत्र्याने विचारलं, मग सीमेवरच्या सैन्याचा खर्च कुठून काढायचा? अखेर मुख्यतः दारूची मक्तेदारी तेवढी सुटली. पुढे सम्राट श्वानने पंडितांकडे झुकलेल्या आपल्या मुलाला खडसावलं की आपल्या घराण्याची रीत पहिल्यापासून धाक आणि धर्म यांची सरमिसळ करण्याची आहे, निव्वळ सदाचारावर राज्य चालत नाही.

ओवी

शेवंतीताई, कन्फ्यूशियसच्या बाजूला सगळी माया आणि दुसरीकडे सगळा दंड, अशी वाटणी मला मान्य नाही. ६५३ ची थांग घराण्याची कायदासंहिता बघा, ती त्याच्याच विचाराने भरलेली आहे. मुलाने आईबापावर हात उचलला तर शिरच्छेद. बापाविरुद्ध सरकारात फिर्याद दिली तर गळा आवळून मृत्यू. एकच मारहाण, पण कोणी कोणाला केली यावर शिक्षा ठरायची. घरात जुलूम सोसणाऱ्या मुलाने किंवा सुनेने जायचं कुठे? शांग यांग क्रूर होता, पण नातं बघून माफी किंवा सजा ठरवणारा नव्हता.

तिऱ्हाईत

परीक्षांवरही कुणीतरी बोलायला हवं. सरकारी नोकरीच्या परीक्षा थांगच्या आधीच्या सुई घराण्यापासून १९०५ पर्यंत चालल्या. अभ्यासक्रम पुढे बराचसा कन्फ्यूशियसचा. पण थांगनंतरच्या सुंग घराण्याच्या काळात उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायचे, आणि हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कारकून अख्खी उत्तरपत्रिका पुन्हा उतरवून काढायचे. परीक्षकावर विश्वास ठेवू नका, त्याला लबाडी करताच येणार नाही अशी व्यवस्था करा, हा विचार हान फेईचा. १८५५ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा सुरू झाली तेव्हाच्या चर्चेतही चीनचा दाखला होता. आज पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांपर्यंत हा धागा येतो.

शेवंती

@ओवी, थांगच्या संहितेबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, त्या कलमांची बाजू मी घेणार नाही. पण त्याच परंपरेने दुसरंही दिलं. बापाने मेंढी चोरली तर मुलाने साक्ष देऊ नये, असं कन्फ्यूशियस म्हणाला होता. इ.स.पू. ६६ मध्ये फर्मान निघालं की आईबापांचा गुन्हा लपवणाऱ्या मुलाला शिक्षा नाही. शांग यांगने घरांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट करून शेजाऱ्याला शेजाऱ्यावर पहारा करायला लावलं होतं, हे विसरू नका. २०१२ मध्ये चीनने फौजदारी प्रक्रिया कायदा दुरुस्त केला. त्यात आरोपीच्या जोडीदाराला, आईबापांना आणि मुलांना साक्षीसाठी कोर्टात जबरदस्तीने आणायचं नाही, असं कलम आलं. जवळपास अडीच हजार वर्षांनीही कुणाचं ऐकावं लागलं ते बघा.

आणि @रानवाट, राजाला अडवायचं धाडस कुठून आलं? हाई रुई या मिंग काळातल्या अधिकाऱ्याने १५६६ मध्ये च्याचिंग सम्राटाला त्याच्या कारभारातले दोष लिहून पाठवले. त्याआधी त्याने स्वतःची शवपेटी विकत घेतली आणि घरच्यांचा निरोप घेतला. त्याला तुरुंगात टाकलं, सम्राट वारला तेव्हा तो सुटला.

रानवाट

हाई रुईसमोर मीही हात जोडतो. पण त्याला शवपेटी घ्यावी लागली, कारण खरं बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा जीव वाचवेल असं एकही कलम नव्हतं.

शेवंती

ते कलम लिहायला कायदेवाद्यांना कुणी अडवलं होतं? हान फेईने सगळं लिहिलं ते राजासाठी: प्रधानावर लक्ष कसं ठेवायचं, मनातलं कळू कसं द्यायचं नाही, बक्षीस आणि शिक्षा हातातून कशा सोडायच्या नाहीत. राजाच चुकला तर काय, यावर त्याच्याकडे उत्तर नाही. आणि तोच हान फेई छिनच्या तुरुंगात विष घेऊन मेला, त्याच्याबरोबर एकाच गुरूकडे शिकलेल्या, छिनच्या दरबारातल्या ली स याच्या कारस्थानाने.